दोन सुऱ्या, एक घोंगडी

ताओसच्या जत्रेत बेर्नाबे ओल्गीनचा तराजू
कधी खोटा झुकला नाही. हे आधीच सांगते,
कारण माणूस मेला की लोक त्याला
आपापल्या शेरानं मोजतात.

बाकीच्यांचं काय, ते सगळ्यांना ठाऊक.
चिवावाचा एक जण मक्याच्या पोत्यात तळाशी वाळू भरायचा.
दुसऱ्याकडे पेसो चार जातींचे,
घेताना हलका, देताना जड,
आणि चारांतला एकही पेसो
कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

बेर्नाबे सुरीचं पातं आधी
स्वतःच्या अंगठ्यावर ओढायचा,
रक्ताचा थेंब दिसला की म्हणायचा, घे, आता बोल.
घोडी लंगडत असेल तर लंगडते म्हणायचा.
कोमांचे गव्याच्या कातड्यांचे ढीग घेऊन
पहिले त्याच्याच पालापाशी उतरायचे.
जत्रेचे दहा दिवस वैर नाही, असा करार.
अकराव्या दिवशी त्याच खिंडीत
तीच माणसं एकमेकांची गुरं हाकून न्यायची;
पण दहा दिवस भाव, तंबाखू, हसणं.

मला त्यानं तिथंच घेतलं.
दोन सुऱ्या, एक घोंगडी, लगामासकट घोडी.
सात-आठ वर्षांची असेन.
बाकीचे दात बघायचे, त्यानं नाही बघितले.
सुऱ्या धारेच्या होत्या. घोंगडीला कसर नव्हती.
घोडी पुढे तीनदा व्याली,
हे मी ज्यानं मला विकलं त्याच्याच तोंडून ऐकलं.
खूश होता. म्हणाला,
ओल्गीनच्या मापात पाप नाही.

पाद्रीनं पाणी शिंपडलं, मी अपोलोनिया झाले.
वहीत ‘विकत घेतली’ नाही लिहिलं,
लिहिलं: ‘सोडवली’.
सोडवलेलीनं सोडवणुकीचा खर्च फेडायचा,
मका दळून, लोकर कातून, चुली सारवून.
किती वर्षं? तिथं वही कोरी.
कातडी मोजणारा माणूस, मिरची मोजणारा,
आणि एवढं एकच मोजायचं त्याच्याकडून राहिलं.
मी विचारलं नाही. त्यानं लपवलंही नाही.

पुढं मला तीन भाषा येतात म्हणून
जत्रेत त्याच्या उजव्या हाताशी बसवलं.
एका उन्हाळ्यात त्यांनी एक पोर आणली.
हातात कणीस; खात नव्हती,
दाणे मोजत होती.
बेर्नाबे म्हणाला, विचार, काय मागतो.
तो म्हणाला, एक घोडी, चार सुऱ्या.
मी म्हणाले, तीन घोड्या.
भुवया वर गेल्या. पुन्हा विचार.
मी त्या माणसाला विचारलं, कातडी नीट वाळलीत ना?
तो म्हणाला, हो.
मी म्हणाले, तीनच म्हणतो.
मग नको, बेर्नाबे म्हणाला,
मी फसवत नाही, फसतही नाही.

तिला पुन्हा घोड्यावर बसवलं.
जाताना कणीस तिथंच पडलं.
आईकडे गेली असेल, असं मी रात्री म्हणायचे.
सकाळी ठाऊक असायचं, आई कुठली,
ज्यांनी पळवली त्यांच्याकडेच गेली.
पुढच्या जत्रेत नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही.
कुणाला विचारणार?
दुभाषीला स्वतःचा प्रश्न नसतो.

गेल्या हिवाळ्यात बेर्नाबे गेला.
त्याच्या पोरानं तराजू माझ्या दारात आणून ठेवला,
म्हणाला, बाबा म्हणायचे, तुझ्यावर विश्वास होता.
मी काही बोलले नाही.
काटा अजून खरा आहे,
पितळेला कुठं डाग नाही.
मिरच्या तोलते त्यावर.
पारडी सरळ झाली
की गिऱ्हाइकाच्या बाजूला वर मूठभर टाकते.
शेजारीण म्हणते, अगं अपोलोनिया,
तुझं माप चुकतंय.
चुकू दे, म्हणते.